थोड्या दिवसांचा पैसा ठेवायचा कुठे? लिक्विड फंड, त्याचा खर्च आणि त्यातली जोखीम

जयंतीचा हिशेब वाचून झाला. मंडप, साउंड, भोजनदान, मुलांच्या वह्या हे सगळे वजा जाता ४१ हजार रुपये शिल्लक राहिले. विहाराच्या बांधकामासाठी दोन वर्षांपासून जमवलेले २ लाख ८६ हजार आधीचे होतेच. म्हणजे ३ लाख २७ हजार. मग टेंभुर्णीतल्या आमच्या वस्तीच्या बैठकीत दरवर्षी येणारा प्रश्न याही वर्षी आला : हे पैसे कुणाकडे ठेवायचे?

'कुठे' असे कुणी विचारत नाही, 'कुणाकडे' असेच विचारतात. समाजशास्त्र शिकताना विश्वास या विषयावर आम्ही बरीच पाने लिहिली, पण हा एक शब्द त्या सगळ्या पानांपेक्षा जास्त सांगतो. ज्या समाजाला बँकेच्या दारात पिढ्यान्पिढ्या उभे केले गेले नाही, तो समाज संस्थेवर नव्हे तर माणसावर विश्वास ठेवतो. माणूस चांगला असतो तोवर हे ठीक चालते. पुढे त्याच्या घरात लग्न निघते, आजारपण येते, आणि मंडळाचे पैसे 'दोन महिन्यांत देतो' या वाक्यात अडकतात.

बैठकीत तीन सूचना आल्या. एक, नेहमीच्या दादांच्या खात्यात ठेवा. दुसरी, अकरा टक्के देणाऱ्या पतसंस्थेत ठेवा. तिसरी सूचना एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका तरुणाची होती : "लिक्विड फंडात टाका. बँकेपेक्षा जास्त मिळतं आणि पाहिजे तेव्हा काढता येतं." हा लिक्विड फंड म्हणजे काय, हे बैठकीत कुणालाच नीट सांगता येईना, त्या तरुणालाही नाही. अभ्यास करून पुढच्या बैठकीत सांगण्याचे काम आमच्यावर आले. तिथे जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या वस्तीचा नाही.

आधी पतसंस्थेचे. काही वर्षांपूर्वी आमच्याच परिसरातल्या एका पतसंस्थेत वस्तीतल्या एका ताईंनी मुलीच्या नर्सिंगच्या फीचे ९० हजार ठेवले होते. केळीच्या गाड्या भरण्याची मजुरी आणि दोन शेळ्या विकून आलेले पैसे होते ते. जूनमध्ये फी भरायची होती. मे महिन्यात पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागले. आम्ही वर्गणी काढली, कॉलेजला अर्ज केले, मुलगी महिनाभर उशिरा का होईना पण गेली. ते ९० हजार मात्र अजून आलेले नाहीत.

त्या वेळी आम्हाला स्वतःलाही एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि आजही अनेक कार्यकर्त्यांना ती ठाऊक नसते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे, म्हणजे डीआयसीजीसीचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका ठेवीदाराला एका बँकेमागे, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्था ही बँक नाही, तिला हे संरक्षण नाही. दारावरच्या पाटीत 'सहकारी' शब्द दोघींच्याही असतो, म्हणून घोटाळा होतो.

हा फरक प्रत्यक्षात काय करतो हे आपल्याच जिल्ह्यात दिसले. सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आणले. खातेदाराला १,००० रुपयांच्या वर काढता येईना. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. पण ती बँक होती. सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले होते. पैसे मिळायला वेळ लागला, मनस्ताप झाला, पण जायला एक दार होते. पतसंस्थेच्या ताईंना तेवढेही नव्हते.

आता त्या तरुणाने सांगितलेल्या लिक्विड फंडाकडे येऊ.

आपल्याकडे हातउसने असते. शेजाऱ्याकडून चार दिवसांसाठी घ्यायचे, पगार झाला की परत द्यायचे. सरकार, बँका आणि मोठ्या कंपन्यासुद्धा हातउसने घेतात, फक्त ते कोट्यवधींचे असते. कुणाला तीन महिन्यांसाठी हवे असते, कुणाला एका रात्रीपुरते. अशा एक वर्षाच्या आतल्या उसनवारीचा जो बाजार, त्याला नाणेबाजार म्हणतात. इंग्रजीत मनी मार्केट.

केंद्र सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांसाठी उसने घेते, त्या कागदाला ट्रेझरी बिल म्हणतात. त्यावर वेगळे व्याज मिळत नाही, तो कागद कमी किमतीत मिळतो. समजा वार्षिक दर साडेसहा टक्के आहे. मग १०० रुपयांचे ९१ दिवसांचे बिल साधारण ९८ रुपये ४१ पैशांना मिळेल आणि ९१ दिवसांनी सरकार पूर्ण १०० देईल. मधले १ रुपया ५९ पैसे ही कमाई. बँका अशाच पद्धतीने जो कागद काढतात त्याला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणतात. कंपन्या काढतात त्याला कमर्शियल पेपर म्हणतात. कमर्शियल पेपरमागे कंपनीचे काहीही तारण नसते, फक्त तिची पत असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कमर्शियल पेपर ५ लाखांच्या पटीत मिळतो. आपल्यासारख्यांना तिथे जागा नाही. म्हणून म्युच्युअल फंड हजारो लोकांचे पाचशे-हजार गोळा करतो आणि असे कागद विकत घेतो. आपल्याला त्या ढिगातला हिस्सा, म्हणजे युनिट मिळते. युनिटची किंमत रोज जाहीर होते, तिला एनएव्ही म्हणतात. कागदांची मुदत जशी जवळ येते तशी ही किंमत रोज थोडी थोडी वाढत जाते.

सेबीने २०१७ मध्ये या फंडांच्या जाती ठरवून दिल्या (जाती हा शब्द इथेही सुटला नाही!). ओव्हरनाइट फंड एका दिवसाच्या मुदतीचेच कागद घेतो. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतचे घेतो. मनी मार्केट फंड एक वर्षापर्यंतचे. मुदत जितकी लांब, तितका परतावा सहसा थोडा जास्त आणि किंमत खाली-वर होण्याची शक्यताही थोडी जास्त. पंधरा दिवसांत लागणारा पैसा मनी मार्केट फंडात ठेवण्यात अर्थ नाही. सहा महिने ते वर्षभर लागणार नाही अशा पैशासाठी तो आहे.

मग हे आपल्या माणसांच्या कामाचे आहे का? आम्हाला वाटते, काहींच्या आहे. आपल्या भागात पैसा एकदम येतो आणि एकदम जातो. गाळप हंगामात, केळीच्या सीझनला हातात रोख येते. जूनमध्ये फी, वह्या, खोलीचे डिपॉझिट यात ती जाते. मधले चार-पाच महिने तो पैसा घरात राहिला तर घरच्या घरी विरघळतो, कुणाला दिला तर परत मागताना नाते तुटते. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहे, त्यातला एक भाग संकटकाळासाठी राखून ठेवायचा. राखून ठेवायचा म्हणजे असा, की संकट आले त्या दिवशी तो हाताशी असेल. लिक्विड फंडाचा विचार या चौथ्या भागापुरताच करावा.

"हे शेअर बाजाराचं काम, आपलं नव्हे," असेही एक काका म्हणाले. पहिली गोष्ट, हा शेअर बाजार नाही, इथे कंपनीची मालकी विकत घेतली जात नाही, तिला उसने दिले जाते. दुसरी गोष्ट, बाबासाहेबांचा लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर होता. तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिली. पैसा कसा चालतो हे समजून घेणे आपल्या चळवळीला परके कधीच नव्हते. काका हसले, म्हणाले, "मग सांग, खर्च किती येतो?"

खर्चाचा हिशेब एक लाखावर करू, म्हणजे सोपे जाईल.

फंड चालवणारी कंपनी आपल्या पैशातून दरवर्षी काही टक्के कापून घेते, याला खर्चाचे प्रमाण किंवा एक्स्पेन्स रेशो म्हणतात. ही रक्कम वेगळी मागितली जात नाही, रोजच्या एनएव्हीतून आधीच कापलेली असते, म्हणून ती दिसत नाही. लिक्विड फंडात ती कमी असते. समजा ०.२० टक्के असेल तर लाखाला वर्षाला २०० रुपये. एकाच फंडाचे दोन प्लॅन असतात. एजंटमार्फत घेतला तर रेग्युलर, थेट फंड कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा कार्यालयातून घेतला तर डायरेक्ट. डायरेक्टची सोय १ जानेवारी २०१३ पासून आहे. रेग्युलरमध्ये एजंटचे कमिशन दरवर्षी जात राहते. अर्ज भरायला खरोखर मदत लागत असेल तर एजंटने पैसे घेण्यात काही वाईट नाही, पण आपण ते देतो आहोत हे आपल्याला माहीत असावे.

युनिट घेताना ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. १ जुलै २०२० पासून लागू झालेले हे शुल्क एक लाखावर ५ रुपये होते. लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत पैसे काढले तर थोडा एक्झिट लोड बसतो. पहिल्या दिवशी काढले तर ०.००७० टक्के, म्हणजे लाखाला ७ रुपये, सहाव्या दिवशी साडेचार रुपये, सातव्या दिवसापासून काही नाही. रक्कम किरकोळ आहे. मोठ्या कंपन्यांनी आज टाकून उद्या काढू नये यासाठी तो आहे.

खरा खर्च कराचा आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाच्या युनिटवर जो नफा होईल तो आपल्या उत्पन्नात मिळवला जातो आणि आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, मग पैसे दोन महिने ठेवा नाहीतर पाच वर्षे. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्रच नाही त्याला काही द्यावे लागत नाही. जो तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच जातो. कर फक्त काढलेल्या रकमेतल्या नफ्यावर असतो, मुद्दलावर नाही.

आता मिळते किती? इथे जाहिरात आणि वस्तुस्थिती यात अंतर आहे. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के धरले आणि फंडाने साडेसहा टक्के दिले, तर एक लाखावर सहा महिन्यांत साधारण १,२५० ऐवजी ३,२५० मिळतील. फरक २,००० रुपयांचा. आमच्यासारख्यांना २,००० रुपये म्हणजे एका मुलाची पुस्तके, ही रक्कम क्षुल्लक नाही. पण यातून कुणी श्रीमंत होत नाही, आणि साडेसहा हा आकडा कुणी लिहून दिलेला नाही. मे २०२० ते मे २०२२ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, तेव्हा हेच फंड तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास देत होते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला, मग फंडही सात टक्क्यांच्या जवळ आले. २०२५ मध्ये रेपो पुन्हा उतरला, तसा परतावाही उतरू लागला. मागच्या वर्षीचा आकडा दाखवून कुणी 'एवढे मिळतीलच' म्हणाले तर त्याला हे विचारा.

सहा महिन्यांची तारीख पक्की असेल तर बँकेच्या मुदत ठेवीत आणि लिक्विड फंडात फार मोठी तफावत नसते. मुदत ठेवीत दर आधी कळतो आणि विमा असतो. मुदतीआधी मोडली तर थोडे व्याज कापले जाते. फंडात दर कळत नाही, विमा नसतो, मात्र केव्हाही थोडे थोडे काढता येते. सगळी तुलना एवढ्यावर येते.

जोखमीबद्दल मात्र आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण 'लिक्विड फंडात बुडत नाही' हे वाक्य आम्ही आता बऱ्याच तरुणांच्या तोंडून ऐकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचे नाव लावणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कागद बनवणारी जुनी, नामांकित कंपनी. तिने काढलेले कमर्शियल पेपर टॉरस या म्युच्युअल फंडाने आपल्या काही योजनांत घेतले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीची पतच ढासळली, पतमापन थेट सर्वांत खालच्या श्रेणीत गेले. टॉरसच्या लिक्विड फंडाची एनएव्ही एका दिवसात ७ टक्क्यांच्या आसपास खाली आली. म्हणजे एक लाखाचे त्र्याण्णव हजार, तेही रातोरात. वर्षभराची सगळी कमाई एका दिवसात गेली. पैसे ठेवणाऱ्याने काहीही चुकीचे केले नव्हते, त्याने फक्त आत कुणाचे कागद आहेत ते पाहिले नव्हते.

पुढच्याच वर्षी मुंबईची आयएल अँड एफएस कंपनी. ऑगस्ट २०१८ पर्यंत तिला सर्वोच्च, ट्रिपल ए पतमापन होते. सप्टेंबरमध्ये तिने पैसे चुकवले आणि पतमापन सरळ डी झाले. तिचे कागद धरलेल्या काही लिक्विड फंडांनाही फटका बसला. पतमापन संस्थांचे शिक्के असे एका महिन्यात उलटू शकतात, म्हणून फक्त शिक्का पाहून चालत नाही.

जगातला पहिला असा फंड अमेरिकेतला होता, रिझर्व्ह फंड, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तिथे एका युनिटची किंमत कायम एक डॉलर राहील असा लोकांचा समज झाला होता. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली. रिझर्व्ह प्रायमरी फंडाकडे तिचे ७८.५ कोटी डॉलरचे कागद होते, एकूण पैशाच्या साधारण सव्वा टक्का. दुसऱ्या दिवशी एका डॉलरचे ९७ सेंट झाले. तीनच सेंट गेले, पण घाबरून सगळ्यांनी एकदम पैसे मागितले आणि फंडाला दारे बंद करावी लागली.

दारे बंद होण्याचा अनुभव आपल्याकडेही आला. २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. २५ हजार कोटींहून जास्त पैसे त्यात अडकले. तिचा लिक्विड फंड त्या सहांत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण 'अल्ट्रा शॉर्ट' नावाची, थोड्या दिवसांचा पैसा ठेवायची म्हणून लोकांनी घेतलेली योजना त्यात होती. चार दिवसांनी रिझर्व्ह बँकेला म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खास सोय करावी लागली. लोकांचे पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत आले. पण ज्याला त्या मे महिन्यात दवाखान्याचे बिल भरायचे होते, त्याला वर्षभराने आलेल्या पैशाचा काय उपयोग?

या घटनांनंतर सेबीने नियम कडक केले. लिक्विड फंडाला किमान २० टक्के पैसा रोख, सरकारी रोखे अशा तत्काळ मोडता येणाऱ्या रूपात ठेवावा लागतो. कागदांची किंमत रोज बाजारभावाने धरावी लागते. त्यामुळे आता लपवाछपवी कमी झाली, पण एखाद्या दिवशी एनएव्ही किंचित खाली येणे शक्य झाले. मार्च २०२० मध्ये लिक्विड फंडांनी असे उणे दिवस दाखवले. घाबरण्यासारखे ते नव्हते, पण 'कधीच खाली येत नाही' हे खोटे ठरायला पुरेसे होते.

मग फंड निवडताना पाहायचे काय? फंड कंपनीला आपले कागद दर पंधरवड्याला जाहीर करावे लागतात. ती यादी उघडा. त्यात ट्रेझरी बिले आणि मोठ्या बँकांचे कागद किती, आणि कंपन्यांचे किती, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ कळते. कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे कागद फार असतील, किंवा बाकीच्या फंडांपेक्षा हा फंड अर्धा-एक टक्का जास्त देत असेल, तर ते जास्तीचे कुठून येते हे विचारा. प्रत्येक योजनेवर जोखमीचा चौकोनही छापलेला असतो, त्यात ए-१ म्हणजे व्याजदराची आणि पतीची जोखीम सर्वांत कमी. ओव्हरनाइट फंडात परतावा सर्वांत कमी असतो, पण नवख्याने तिथून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

फंडाच्या भानगडीत पडायचे नसेल तर ट्रेझरी बिल थेटही घेता येते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये रिटेल डायरेक्ट ही सोय सुरू केली, तिथे १० हजारांपासून बिल मिळते, फंडाचा खर्च नाही, आणि उसने घेणारे खुद्द केंद्र सरकार. अडचण एवढीच, की मुदतीपर्यंत थांबायची तयारी हवी.

रोजच्या व्यवहारातली एक जोखीम वर्तमानपत्रात येत नाही. लिक्विड फंडातले पैसे सहसा कामकाजाच्या पुढच्या दिवशी खात्यात येतात. शुक्रवारी संध्याकाळी अपघात झाला, तर पैसे मंगळवारी. काही योजनांत तत्काळ काढायची सोय आहे, दिवसाला ५० हजार किंवा आपल्या शिलकीच्या ९० टक्के, जे कमी असेल ते. खात्यात ३० हजार असतील तर २७ हजारच मिळतील. आपल्या योजनेत ही सोय आहे का, हे आधी बघा. आणि नॉमिनीचे नाव भरा. आम्ही पाहिलेल्या अर्जांपैकी निम्म्यांत ते रकाने कोरे होते. तरुण मुलांना वाटते नॉमिनी म्हणजे म्हाताऱ्यांचे काम.

ज्यांनी यात अजिबात पडू नये अशीही माणसे आहेत. वस्तीतल्या अनेक ताईंच्या डोक्यावर मायक्रोफायनान्सचे कर्ज आहे, वीस-पंचवीस टक्क्यांच्या व्याजाचे. अशा घराने साडेसहा टक्क्यांसाठी फंडात पैसे ठेवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. आधी ते कर्ज फेडा. (मोठ्या कंपन्यांना तीन महिन्यांचे उसने सात-आठ टक्क्यांत, विनातारण, आणि आमच्या ताईंना गट हमी देऊनही पंचवीस टक्क्यांत. नाणेबाजार समजून घेताना आम्हाला सर्वांत जास्त खटकले ते हे. यावर वेगळे लिहावे लागेल.) आणि व्हॉट्सॲपवर 'रोज एक टक्का' सांगणारे जे ॲप फिरते, त्याच्या जाहिरातीत फंडाचे नाव असले तरी तो फंड नव्हे. रोज एक टक्का म्हणजे वर्षाला किती होते, याचा गुणाकार एकदा करून पाहा.

आता विहाराच्या पैशांचे. इथे आमच्या अभ्यासाला वेगळेच वळण लागले. आमचे मंडळ नोंदणीकृत आहे, म्हणजे त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या कायद्याच्या कलम ३५ ने ट्रस्टचा पैसा कुठे ठेवायचा हे बांधून दिले आहे : अनुसूचित बँक, पोस्ट, मान्यताप्राप्त सहकारी बँक, सरकारी रोखे. त्यापलीकडे जायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या आदेशाची मुभा लागते. म्हणजे उत्साहाच्या भरात आम्ही फंडात पैसे टाकले असते तर उद्या एखाद्याच्या तक्रारीवर विश्वस्तांना उत्तर द्यावे लागले असते. दादांच्या वैयक्तिक खात्यात ठेवणे तर त्याहून वाईट. कायद्याच्या आणि आयकराच्या नजरेत ते पैसे दादांचेच, आणि दादांना काही झाले तर त्यांच्या वारसांचे. मंडळाची नोंदणीच नसेल तर आधी नोंदणी, मग मंडळाच्या नावाने पॅन आणि खाते, हा क्रम.

पुढच्या बैठकीत आम्ही हे मांडले तेव्हा तो एमआयडीसीचा तरुण थोडा हिरमुसला. पण ठराव एकमताने झाला. ३ लाख रुपये मंडळाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत, पाऊस उघडल्यावर बांधकाम सुरू होईल तोवर. २७ हजार बचत खात्यात. तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यात एक सही महिला मंडळाची. आणि दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर पासबुकातली शिल्लक मोठ्याने वाचायची. हा शेवटचा मुद्दा एका मावशींनी सुचवला, आमच्या टिपणात तो नव्हता.

त्या तरुणाने मग स्वतःच्या पगारातले २० हजार एका लिक्विड फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ठेवले. एका रविवारी सकाळी, मुद्दाम सुट्टीच्या दिवशी, त्याने ५०० रुपये काढून पाहिले. आम्ही टपरीवर चहा घेत होतो, चहा संपायच्या आत खात्यात आले. तो खूश झाला आणि लगेच म्हणाला की आता सगळा बोनसही तिथेच टाकतो. कागदांची यादी पाहिलीस का, असे विचारल्यावर गप्प झाला. संध्याकाळी यादीचा फोटो पाठवला, खाली दोन कंपन्यांच्या नावांवर गोल काढून : "या कोण आहेत?"

नर्सिंगच्या मुलीची आईही त्या बैठकीला होती. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, "यात अडकलं तर कुणाच्या दारात जायचं?" आम्ही सांगितले, सेबीकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण किंमत उतरली तर ती कुणी भरून देत नाही. ती दुसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे पोस्टात ठेवते. आम्ही तिला तिथून काढायला सांगितलेले नाही.